लिंक पाठवली होती

नाटकाची तिकिटं कुठल्या ॲपवरून विकायची, यावर गुंडूच्या फ्लेक्सच्या दुकानात एवढी खडाजंगी झाली की तेवढ्या वेळात एखाद्या पोरीचं लग्न ठरून सुपारीसुद्धा फुटली असती. बोलणीही तशीच चालली होती. दोन स्थळं होती. एक थोरलं, म्हणजे सिनेमाची तिकिटं काढायला सगळा मुलूख वापरतो ते. दुसरं धाकटं, अलीकडेच निघालेलं, गावोगावच्या नाटक-गाण्यांच्या कार्यक्रमांपुरतं. थोरल्याचं नाव मोठं आणि नखरेही मोठे. धाकट्याला कुत्रं ओळखत नव्हतं, पण सांगाल ते ऐकायची त्याची तयारी होती.

गुंडू थोरल्याच्या बाजूचा. त्यांच्या नाटकमंडळात पडदा, दिवे, चहा आणि भांडणं ही चारही खाती त्याच्याकडे, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

"लोकांच्या मोबाईलात ते आदीच हाय," तो म्हणाला. "नवीन ॲप टाकून घ्या म्हटलं, की आपली माणसं म्हणणार, बघू की. आन् बघू की म्हटलं, की संपला विषय."

"पण थोरल्यावर तिकीट कुणी काढलं ते दिसत न्हाय," संयोगिता म्हणाली. "नुसता आकडा दिसतोय. धाकट्यावर नावं दिसत्यात."

"नावं कशाला पायजेत? पत्रिका जुळवायच्यात काय?"

सगळे हसले. संयोगिताही हसली, पण टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता. नाटक तिनं लिहिलेलं, बसवलेलंही तिनंच. लग्नाच्या कार्यालयात मुदपाकखाना सांभाळणाऱ्या बायकांवरचं, 'शेवटची पंगत' नावाचं. तेव्हा अखेर तिचंच चाललं आणि धाकट्याच्या गळ्यात माळ पडली. ती नावांसाठी एवढी का अडून बसली होती, ते मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? दोनशे नावांतलं तिला एकच नाव बघायचं होतं. उदयसिंह पाटील. तिचा सख्खा थोरला भाऊ.

आता या बहीण-भावाचं काय झालं होतं, ते सांगायला हवं. ऐकाल तर हसाल, पण कोल्हापूरकर असाल तर हसणार नाही.

तीन वर्षांपूर्वी उदयसिंहानं उचगावात घर बांधलं. वास्तुशांतीचं कार्ड केलं आणि घाईगडबडीत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. वर गणपती, खाली झेंडूचं तोरण आणि तळाशी ते नेहमीचं वाक्य, की प्रत्यक्ष भेटीअभावी हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे. पाहुण्यारावळ्यांनी समजून घेतलं. संयोगिताच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय पाहुणी आहे? सख्ख्या बहिणीला घरी येऊन, कुंकू लावून आवतण द्यायला याला वेळ नाही? वास्तुशांतीच्या दिवशी ती नवी साडी नेसून, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत घरात बसून राहिली. निदान फोन तरी येईल असं तिला वाटत होतं. तिकडे उदयसिंह भटजींना थांबवून धरत होता, बहीण निघाली असेल असं सांगून. फोन त्यानंही केला नाही. घरच्या माणसाला काय फोन करून बोलवायचं?

झालं. ती म्हणायची, त्यानं सांगितलं नाही. तो म्हणायचा, ती आली नाही. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचंही खरं असलं की भांडण मिटायला जागाच राहत नाही. तेव्हापासून राखी पोस्टानं जायची, भाऊबीज वहिनीच्या हातून यायची. वहिनीशी, म्हणजे राजनंदिनीशी, फोन व्हायचे. पण दादाचा आवाज संयोगितानं तीन वर्षांत फक्त पाठीमागून ऐकला होता, "कोण हाय गं फोनवर?" एवढाच.

आणि नाटकाचं वेड तर तिला त्याच्याचमुळे लागलेलं. तरुणपणी तो गावच्या जत्रेतल्या नाटकांत खलनायक व्हायचा. लहानग्या संयोगिताला सायकलच्या दांडीवर बसवून तालमीला न्यायचा आणि येताना भाषणं म्हणून घ्यायचा. "मोठ्यानं! शेवटच्या माणसाला ऐकू जायला पायजे," असं त्या अंधाऱ्या रस्त्यावर ओरडायचा. तिचं पहिलं नाटक रंगमंचावर येत होतं आणि तो शेवटचा माणूस सभागृहात नसेल, तर बाकीच्या टाळ्या घेऊन ती काय करणार होती?

म्हणून तिनं त्याला लिंक पाठवली.

नुसती लिंक. वर एक अक्षर नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पलीकडे सगळं शांत. बघितलंय म्हणजे नाव येईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि त्या क्षणापासून तिच्या जिवाला जो घोर लागला तो काही सुटेना.

संयोगिता राजारामपुरीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. रिपोर्टसाठी जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांना "संध्याकाळी सातनंतर या" म्हणून सांगण्यात तिची हयात गेलेली. तीच बाई आता दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडून बघायला लागली. नळीवर चिठ्ठी चिकटवली की बघ. सुई टाकून दिली की बघ. एका आजोबांचा दंड रबरानं आवळून ती मोबाईल बघत उभी राहिली, तेव्हा आजोबा म्हणाले, "बाई, रगत काढणार हायसा का हात तोडून ठेवणार हायसा?"

नावं येत होती. शिक्षक आले, बँकवाले आले, कुस्तीच्या तालमीतल्या पोरांची टोळकी आली. हातकणंगल्याहून एका महिला मंडळानं अख्खी रांग घेतली. एकदा 'यू. पाटील, दोन तिकिटं' असं दिसलं आणि ती लॅबमध्येच उभ्या उभ्या टुणकन उडाली. धैर्यशीलला, म्हणजे नवऱ्याला, फोन लावला. तो शिरोलीच्या फौंड्रीत, मशीनच्या आवाजात.

"आलं! दादाचं नाव आलं!"

"कुठलं? यू. पाटील व्हय? अगं, ती आमच्या हापिसातली उज्ज्वला. मीच काढायला लावलंय तिला."

कोल्हापूर जिल्ह्यात पाटलाच्या नावावर आशा लावून बसणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. जेवण गेलं नाही. तालमीत ती बायकांवर उगाच खेकसली. नाटकात कार्यालयाच्या मालकिणीचं काम करणारी तानाबाई खऱ्या कार्यालयात पोळ्या लाटून आयुष्य काढलेली. ती म्हणाली, "लेखिकाबाई, जरा बसा की. तुमास्नी बघून आमी वाक्यं इसरतोय."

"दोन खुर्च्या बाजूला काढून ठेव की दादा-वहिनीसाठी," धैर्यशीलनं सुचवलं. "ॲपवर तशी सोय हाय म्हणालीस न्हवं?"

"अजिबात न्हाय. त्याला यायचं असंल तर काढंल तिकीट. मला बघायचंय, काढतोय का ते."

"हे काय? परीक्षा घेतीयास व्हय भावाची?"

परीक्षाच घेत होती ती, पण परीक्षा घेणाऱ्याचेच हातपाय गार पडलेले होते. ॲपवर रिकाम्या खुर्च्यांच्या हिरव्या चौकटी एकेक करून करड्या होत होत्या आणि प्रत्येक चौकटीबरोबर तिचा जीव खाली खाली जात होता. दुसऱ्या कोणा लेखिकेला असल्या विक्रीनं आनंदाच्या उकळ्या फुटल्या असत्या.

प्रयोगाच्या दिवशी, रविवारी सकाळी सभागृहात पडदे बांधायचं काम चालू असताना गुंडू ओरडला, "हाऊसफुल्ल! धाकट्यानं नाव काढलं बघा!" बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. संयोगितानं यादी वरून खाली, खालून वर वाचली. उदयसिंह नव्हता. ती मागच्या दारानं बाहेर गेली, जनरेटरच्या खोलीआड उभी राहिली आणि लहान पोरीसारखी रडली. रडून झाल्यावर राग आला. रागाच्या भरात तिनं वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाला एवढंसुद्धा वाटलं न्हाय? बहिणीचं पयलं नाटक, एक तिकीट काढायला हात झिजला व्हय त्याचा?"

पलीकडे राजनंदिनीनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"वन्सं, खरं सांगू? ते रोज कामावरनं आलं की गॅलरीत खुर्ची टाकून बसल्यात. गेटकडं बघत. शर्टाला इस्त्री करून घेतलीया. रोज म्हणत्यात, आज यील."

"कोण यील?"

"तुमी, वन्सं. सांगाय."

"अहो वहिनी, मी लिंक पाठवली हुती की!"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. जनरेटर बंद होता, त्यामुळे चांगलंच ऐकू आलं.

"आमी बी तवा कार्ड पाठवलं हुतं," राजनंदिनी हळूच म्हणाली. टोमणा नव्हता तो, पण टोमण्यापेक्षा जास्त लागला.

संयोगिता आत आली. मुदपाकखान्याच्या नेपथ्यात, मालकिणीच्या खुर्चीशेजारच्या फळीवर हळदी-कुंकवाचा करंडा ठेवलेला होता. तो तिनं उचलून पर्समध्ये टाकला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठं चाललीस?" गुंडू किंचाळला. "दिव्याची तालीम कोण घेणार? प्रयोग हाय संध्याकाळी!"

"आवतण द्यायचं ऱ्हायलंय एक."

"आवतण? हाऊसफुल्ल झालंय बाई! कुणाला बलवतीस आता?"

ती तोवर कावळा नाक्याच्या दिशेनं निघूनही गेली होती. सिग्नलला थांबली की तिचा पाय जमिनीवर ताल धरायचा. तावडे हॉटेलापाशी ट्रकच्या रांगेत अडकली, तेव्हा पुढच्या ट्रकवाल्याला तिनं ज्या शिव्या दिल्या त्या नाटकातही नव्हत्या. उचगावात शिरली आणि मग तिच्या लक्षात आलं की दादाचं घर कुठलं, हेच तिला माहीत नाही. किराणा दुकानाच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसलेले होते.

"पावणं, उदयसिंह पाटलांचं घर कुठलं हो?"

"कुठलं उदयसिंह? दूध संघातलं व्हय? त्ये पिवळं, गॅलरीवालं. तुमी कोण त्यांच्या?"

"बहीण."

"सख्खी?" तिनं मान हलवली. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "सख्खी बहीण, आन् घर म्हाईत न्हाय?"

त्या माणसाला काय सांगणार? ती खालमानेनं पुढे गेली. असली लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

उदयसिंह खरंच गॅलरीत बसला होता. स्कूटर थांबली तसा त्यानं पेपर उचलून तोंडापुढे धरला. ती जिना चढून वर आली. केस पिकले होते त्याचे. ते कोणी तिला सांगितलं नव्हतं.

"आलीस," तो पेपराआडून म्हणाला.

तिनं आधी आत जाऊन वहिनीला हळद-कुंकू लावलं, मग बाहेर येऊन त्याचा पेपर बाजूला केला आणि कपाळाला बोट टेकवलं. घाईत टिळा जरा वाकडाच लागला.

"दादा, आज संध्याकाळी माझं नाटक हाय. तू आन् वहिनी, दोघांनी यायचं."

"ॲपवर हाऊसफुल्ल दिसतंय."

ती बघतच राहिली. "तू ॲप घेतलंयस?"

"घेतलंय की. रोज बघतोय. कुठल्या खुर्च्या मोकळ्या हायत ते. आज सकाळी शेवटच्या रांगेत दोन शिल्लक हुत्या, कोपऱ्यातल्या. डोळ्यांदेखत गेल्या."

"मग काढल्या का न्हाईस?"

"सांगितल्याबिगर?" तो म्हणाला, जणू तिनं सोवळ्यात चप्पल घालायला सांगितली होती.

म्हणजे तिकडे लॅबमध्ये ती आणि इकडे गॅलरीत हा, दोघंही एकाच चित्राकडे टक लावून बसलेले. ती नाव येण्याची वाट बघत, तो ती येण्याची. तिला हसू आलं.

"माझं चुकलं दादा. आत्ताबी आन् तवाबी. मी यायला पायजे हुतं."

तो उठला आणि म्हणाला, "घर बघ."

पर्समधला मोबाईल थरथरत होता, गुंडू फोन करत होता. दिव्यांची तालीम खोळंबली होती. तरी तिनं घर बघितलं. स्वयंपाकघर, माळा, पाण्याची टाकीसुद्धा. देवघरापाशी तो थांबला. "हितं पयला दिवा तू लावायचा हुता. भटजी घाई कराय लागलं, मग हिनं लावला." एवढंच बोलून तो पुढच्या खोलीत गेला. राजनंदिनीनं चहा आणून ठेवला. पण फोन परत वाजला आणि संयोगिता तशीच जिन्याकडे पळाली. खुर्चीची व्यवस्था करते, तुम्ही या फक्त, असं जिन्यातून ओरडून.

व्यवस्था कुठली करणार, कपाळ? सभागृहवाल्यानं निक्षून सांगितलं होतं, की वाटेत एकही जादा खुर्ची लावायची नाही, लावली तर प्रयोग बंद. संध्याकाळी माणसांची रीघ लागली. गुंडू दारात मोबाईल घेऊन उभा, प्रत्येकाचा क्यूआर तपासत. धाकटं ॲप मुकाट काम करत होतं, एकाचंही तिकीट अडलं नाही. अडला तो एकच माणूस, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, कपाळावर वाकडा टिळा लावलेला.

"क्यूआर दाखवा, पावणं."

"मला सांगितलंय," उदयसिंह म्हणाला.

"कुणी सांगितलंय?"

"तिनं."

"कुणी का सांगंना. खुर्ची न्हाय आत. मागं माणसं हायत, जरा बाजूला व्हा."

उदयसिंह बाजूला झाला. मानी माणूस, त्यानं आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. राजनंदिनीचा हात धरला आणि पायऱ्या उतरायला वळला. संयोगिता रंगपटातून डोकावत होती, तिनं ते बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धवट पिना लावलेल्या साडीनिशी ती माणसांना ढकलत दारात आली.

"दादा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असणार. "गुंडू, माझा भाऊ हाय त्यो! सोड!"

"अगं सोडतो, पण बसवू कुठं? माझ्या डोक्यावर?"

धैर्यशीलनं स्वतःच्या नावावर काढलेलं तिकीट वहिनीच्या हातात दिलं आणि आपण दिव्यांच्या माणसाशेजारी जाऊन उभा राहिला. राहिला एक. संयोगितानं दादाचं मनगट धरलं, त्याला रंगपटातून थेट विंगेत नेलं आणि मग मांडलेल्या नेपथ्यात शिरून मधोमध ठेवलेली मालकिणीची खुर्ची उचलली.

तानाबाई हातात लाटणं घेऊन धावली. "आवो, ती माझी खुर्ची हाय! पयल्या प्रवेशात मी बसती न्हवं? मी बसू कशावर?"

"तेलाच्या डब्यावर."

"मालकीण हाय मी कार्यालयाची!"

"तानाबाई, पाया पडते तुमच्या."

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. मालकीण तेलाच्या डब्यावर ऐटीत बसून पोळ्यांवरून शिव्या द्यायला लागली आणि पहिल्याच मिनिटाला सभागृह खदखदून हसलं. विंगेत उदयसिंह खुर्चीवर ताठ बसला होता. तिथून रंगमंच अर्धाच दिसत होता. उरलेला वेळ तो बहिणीकडे बघत होता. ती इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होती, सगळ्यांची वाक्यं ओठांत म्हणत होती, पडदेवाल्याला खुणा करत होती, साडीचा पदर पिळत होती.

"ए," तो कुजबुजला. "बस की जरा."

खुर्ची एकच होती. ती त्याच्या पायाशी लाकडी फळ्यांवर बसली. कितीतरी वेळानं तिचे पाय हलायचे थांबले. पुढचा प्रवेश तिनं पहिल्यांदाच नीट बघितला, आणि तिला तो आवडला.

टाळ्या थांबल्या, माणसं पांगली. उदयसिंह उठला, शर्ट झटकला. कौतुक करणं त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. "ती डब्यावर बसली, ते झ्याक हाय," तो म्हणाला. "तसंच ठेव. आन् मधली ती हिरवी साडीवाली, तिला सांग मोठ्यानं बोलाय."

तेवढ्यात गुंडू मोबाईल नाचवत आला. "लेखिकाबाई, गारगोटीवाल्यांनी पुढचा प्रयोग मागितलाय! धाकट्यावरच लावू न्हवं? तारीख पक्की हाय, आत्ताच लिंक टाकतो सगळ्यांस्नी."

"टाका की," उदयसिंहच म्हणाला. राजनंदिनी पायऱ्यांवर थांबली होती, तिच्याकडे जाता जाता तो वळला आणि संयोगिताकडे बोट केलं.

"तू मातूर सांगाय ये. आन् जरा सवड काढून ये. सकाळचा च्या तसाच ऱ्हायलाय."